बेचाळीस केक आणि एक

तुंग चुंगच्या बसतळाशेजारी केकचं एक चिंचोळं दुकान आहे. ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला यौ बिंग-क्वान तिथे शिरला. दारातल्या यंत्रापुढे कपाळ नेऊन त्यानं ताप नसल्याची खात्री करून घेतली आणि काउंटरपाशी जाऊन आधी भिंतीवरची पाटी शेवटपर्यंत वाचली. मोठी मागणी दोन दिवस आधी नोंदवावी, असं तिच्यावर लिहिलं होतं.

“कागदातले स्पंज केक. बेचाळीस,” तो म्हणाला. “गुरुवारी अकरा वाजता विमानतळावर, आमच्या ऑफिसच्या दारात पोचवाल का?”

मालकिणीनं घसरलेला मास्क नाकावर चढवला. “बेचाळीस! दादा, चिनी नववर्षानंतर एवढा मोठा आकडा पहिल्यांदाच ऐकतेय. नोकरी सोडताय वाटतं?”

“सोडत नाही. काढणार आहेत.”

“कधी?”

“गुरुवारी. नऊ वाजता पत्रं मिळणार.”

“म्हणजे अजून काढलेलं नाही?” ती हसायला लागली. “अहो, इथे लोकांना काढून टाकल्यावरसुद्धा केक आठवत नाहीत हल्ली. आणि नाहीच काढलं तर?”

“काढतील,” क्वान म्हणाला. “मीच सांगून ठेवलंय.”

हाँगकाँगच्या ऑफिसांमध्ये निरोपाची रीत उलटी आहे. जाणाऱ्याला कुणी काही देत नाही. जाणाराच शेवटच्या दिवशी केकचे खोके आणून टेबलावर ठेवतो आणि मागे राहणारे ते खातात. एकतीस वर्षांत क्वाननं असे किती केक खाल्ले असतील याचा हिशेब त्यानं ठेवला नव्हता, पण कुणाचे कोरडे होते आणि कुणी आंब्याची साय घातलेले आणले होते, हे त्याच्या लक्षात होतं. आपली पाळी येईल तेव्हा नीट करायचं, हे त्यानं केव्हाच ठरवलं होतं. विभागात माणसं त्रेचाळीस. स्वतःला वगळून बेचाळीस.

हा विभाग विमानांचा तोल सांभाळायचा. विमानात माणसं किती, सामान किती, इंधन किती, कोणतं वजन कुठे ठेवायचं, याचा ताळा जमवून एक पत्रक करायचं आणि सही करून वैमानिकाला पाठवायचं. त्या लोडशीटवाचून विमान हलत नाही. प्रवाशांना या लोकांची नावंसुद्धा माहीत नसतात आणि ती माहीत व्हायची वेळ येऊ नये, यातच या कामाचं यश असतं. क्वान मालवाहू विमानांच्या टेबलावर होता. हे टेबल इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली. खिडकीतून धावपट्टी दिसायची नाही, कचऱ्याचे डबे दिसायचे. प्रवासी विमानांचं टेबल पुढे, मोठ्या काचेपाशी.

नऊ वर्षांपूर्वी सो वाय-लाम नावाची पंचविशीची मुलगी जिन्याखालच्या टेबलावर शिकायला आली. सगळे तिला आ-लाम म्हणायला लागले आणि ती क्वानला सिफू म्हणायला लागली. ज्यानं हाताला धरून काम शिकवलं त्याला इथे जन्मभर सिफूच म्हणतात, मग पुढे आपण त्याचे साहेब झालो तरी. क्वाननं तिला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली ही, की मालवाहू विमान रिकामं करताना नेहमी शेपटीकडचा माल आधी उतरवायचा. पुढचा आधी काढलास तर नाक वर जातं आणि शेपूट जमिनीला टेकतं. दुसरी गोष्ट, तोल फार सुरेख आला तर खूश व्हायचं नाही. पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासायचं. खऱ्या मालाचा तोल इतका सुरेख कधी येत नाही.

आ-लाम हुशार निघाली. दोन वर्षांत ती क्वानच्या बरोबरीनं पत्रकं करायला लागली. आणि मग पाच वर्षांपूर्वी पुढच्या टेबलावर एक जागा निघाली. क्वाननं तिला चहाला नेलं आणि म्हणाला, “पोरी, हे जिन्याखालचं काम म्हणजे मागचं दार. माझं आयुष्य गेलं, तुझं घालवू नकोस. माणसांची विमानं वाढतायत, बढत्या तिकडेच आहेत. अर्ज कर.” एवढंच करून तो थांबला नाही. विभागप्रमुख फुंगसाहेबांकडे जाऊन त्यानं तिच्यासाठी शब्दही टाकला. आ-लाम पुढे गेली, पर्यवेक्षक झाली. मालवाहू विमानांच्या पत्रकावर सही करायचा तिचा परवाना सराव नसल्यामुळे तीन वर्षांपूर्वी संपला. तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

साथ आली आणि चित्र उलटं झालं. माणसांची विमानं वाळवंटात नेऊन उभी केली गेली. पुढच्या टेबलावरची माणसं बिनपगारी रजेवर पाळीपाळीनं घरी बसायला लागली. जिन्याखाली मात्र श्वास घ्यायला उसंत नव्हती. मास्क, हातमोजे, ताप मोजायची यंत्रं, असं सगळं जग विमानात भरून इकडून तिकडे चाललं होतं. काही प्रवासी विमानांतसुद्धा खुर्च्यांवर मास्कचे खोके पट्टे लावून बसवले जात होते. ते पाहून आ-लाम एकदा म्हणाली होती, “सिफू, आता खोक्यांना पुढची सीट आणि मला मागचं दार.”

ती हसत होती. क्वानला हसू आलं नाही. सप्टेंबरात कळलं की विभागातली निम्म्याहून जास्त माणसं जाणार, तेव्हा त्यानं रात्र नुसती कूस बदलत काढली आणि सकाळी फुंगसाहेबांना पत्र नेऊन दिलं. मी सत्तावन्न वर्षांचा आहे. आमच्यातून कुणी जायचंच असेल तर मला पाठवा आणि सो वाय-लाम यांना ठेवा. फुंगसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “क्वान-गो, तुमचं वय लक्षात घेतलं जाईल.” वयानं मोठ्या माणसाला ‘गो’, म्हणजे दादा, म्हणायची रीत साहेबांनीही पाळली होती. क्वाननं त्या वाक्याचा अर्थ ‘होय’ असा घेतला.

बायकोला, लाय-युंगला, त्यानं हे रविवारी डिमसम खाताना सांगितलं. कोळंबीचा डंपलिंग तिच्या काड्यांमधून निसटून वाटीत पडला.

“मला विचारलंस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“आणि त्या मुलीला विचारलंस?”

“ती पण नाही म्हणाली असती.”

“मग बरोबर आहे,” लाय-युंग म्हणाली. “ज्या गोष्टीला सगळे नाही म्हणणार, ती गुपचूप करायची. आ-क्वान, तू विमानांचा तोल सांभाळ. माणसं खोकी नसतात, उचलून इकडची तिकडे ठेवायला.”

त्यानं तिच्या कपात चहा ओतला. तिनं टेबलावर दोन बोटं आपटून आभार मानले, पण जरा जोरातच आपटली.

गुरुवारी नऊ वाजता सगळे आपापल्या जागी बसले होते. ज्यांना जायचं होतं त्यांना एकेक करून आतल्या खोलीत बोलावलं जाणार होतं. ज्यांना राहायचं होतं त्यांना संगणकावर निरोप येणार होता. क्वाननं टेबलाचा खण सोमवारीच रिकामा केला होता. कपबशी, चष्म्याची जुनी डबी, संधिवाताच्या मलमाची बाटली पिशवीत भरून ठेवली होती. नऊ वाजून सात मिनिटांनी त्याच्या संगणकावर निरोप आला. आपली सेवा पूर्ववत चालू राहील. आपण मालवाहू विमानांचे वैध परवानाधारक व परीक्षक असल्याने.

त्यानं तो तीनदा वाचला. मग मान वर करून पाहिलं तर आतल्या खोलीचं दार उघडलं होतं आणि आ-लाम पांढरं पाकीट हातात घेऊन बाहेर येत होती. तिच्यामागे लाउ चिन-पांग होता, पुढच्या टेबलावरचा, वीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेला. त्यालाही पाकीट मिळालं होतं.

क्वान तडक फुंगसाहेबांकडे गेला.

“साहेब, माझं पत्र?”

फुंगसाहेब त्या दिवशी दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. “वर पाठवलं होतं. क्वान-गो, वरच्यांनी वय पाहिलंच नाही. कुणाकडे आज कोणता परवाना आहे, एवढंच पाहिलं. मालवाहूचे परीक्षक दोनच उरलेत. तुम्ही गेलात तर माझी विमानं कोण सोडणार?”

“मग मी राजीनामा देतो. तिला ठेवा.”

“तुम्ही राजीनामा दिलात तर तुमची जागा रिकामी होईल. तिची नाही. तिच्याकडे परवाना नाही.” ते थांबले. “तुम्ही पत्र दिलं होतं हे मी तिला आत सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित.”

सव्वीस माणसं गेली, सतरा राहिली.  आणि बरोबर अकरा वाजता, क्वाननं सांगितलेल्या वेळेला एक मिनिट इकडे ना तिकडे, केकवाल्याचा माणूस चार मोठी खोकी घेऊन दारात उभा राहिला. वरच्या खोक्यावर लाल फितीत कार्ड होतं. त्यावर क्वानच्याच अक्षरात लिहिलं होतं: सर्वांचे आभार. यौ बिंग-क्वान.

चिन-पांगनं कार्ड उचललं, वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “वा, क्वान-गो! राहिल्याचा आनंद साजरा करताय? जरा धीर धरायचात हो. आम्हाला बस तरी पकडू द्यायचीत.”

 मी जाणार होतो म्हणून आणले, हे कोणत्या तोंडानं सांगणार? त्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं आणि चिन-पांगनं आपलं पाचच मिनिटांपूर्वी जमा केलं होतं. कुणीतरी खोकं उघडलं, ताज्या अंड्याचा वास सुटला, आणि कुणीतरी हळूच ते बंद केलं. जाणाऱ्यांना केक खाता येत नव्हता, कारण जाणारा खात नाही, देतो. राहणाऱ्यांना घेता येत नव्हता, कारण देणारा राहिलेल्यांतलाच होता. बेचाळीस केक टेबलावर तसेच पडून राहिले.

पाळी संपल्यावर त्यानं सामानाची एक जुनी हातगाडी मागून घेतली, चारही खोकी तिच्यावर बांधली आणि बसथांब्यावर येऊन उभा राहिला. विमानतळ ओकाबोका होता. एका बसमधून तिघं उतरली आणि एक चढली.

“वजन किती आहे सिफू?” मागून आवाज आला. “पत्रक केलंत का?”

आ-लाम होती. तिच्याकडेही एक खोकं होतं, टेबलावरच्या वस्तूंचं. तिनं ते त्याच्या हातगाडीवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. 

“आ-लाम,” क्वान म्हणाला, “चूक माझी आहे. पाच वर्षांपूर्वी मी तुला हलवलं नसतं तर आज तू...”

“झालं? एवढंच म्हणायचंय?”

“मला वाटलं होतं की निदान हे पत्र...”

“सिफू, एक विचारू? रागावणार नाही ना?” ती त्याच्याकडे वळली. मास्कच्या वरचे तिचे डोळे लाल झाले होते, पण रडून नव्हे. “पाच वर्षांपूर्वी तुम्ही माझं चांगलं करायचं म्हणून मला इकडून तिकडे ठेवलंत. या वेळी पुन्हा माझं चांगलं करायचं म्हणून स्वतःला काढून मला तिथे ठेवणार होतात. दोन्ही वेळेला मला विचारायचं तुमच्या डोक्यात आलं नाही. मी काय मास्कचं खोकं आहे?”

बायकोचंच वाक्य होतं. क्वाननं मान खाली घातली.

“आणि दुसरं,” ती म्हणाली, “मी पुढे गेले ते तुम्ही सांगितलंत म्हणून नाही. मला त्या काचेपाशी बसायचं होतं. विमानं उडताना बघायची होती. चार वर्षं बघितली. ती माझी वर्षं आहेत, तुमची चूक नाही. तुम्ही उगाच स्वतःच्या खात्यावर ओढू नका.”

बस आली. दोघांनी मिळून हातगाडी वर चढवली. चालकानं खोक्यांकडे बघून विचारलं, “कोण चाललंय?” आ-लाम म्हणाली, “मी. पण केक यांचे आहेत. तुम्ही समजून घ्यायचा प्रयत्न करू नका.”

बस निघाल्यावर ती म्हणाली, “विमानतळाच्या त्या बाजूला माल हाताळणारी कंपनी आहे ना, ती मालवाहूची माणसं घेतेय. मी काल फोन केला होता.”

“काल? पत्रं तर आज...”

“त्या दुकानात दोन दिवस आधी सांगावं लागतं, म्हणजे तुम्ही मंगळवारी केक सांगितलेत. मी बुधवारी फोन केला. आपल्या दोघांना आधी तयारी करायची खोडच आहे.” ती पहिल्यांदा हसली. “त्यांना चालू परवाना लागतो. तुम्ही परीक्षक आहात. महिनाअखेरपर्यंत मी कागदोपत्री इथलीच आहे, ओळखपत्रही अजून जमा केलेलं नाही. नऊ दिवस आहेत. खरंच काही करायचं असेल तर ते करा. पण माझ्या जागी करू नका. बसून बघा.”

“उद्या सातला ये,” क्वान म्हणाला.

बेचाळीस केकांचं लाय-युंगनं काय केलं ते सांगायलाच हवं. तिनं नवऱ्याला एक शब्द बोलून दाखवला नाही. एप्रन बांधला आणि इमारतीच्या अठराव्या मजल्यापासून खाली प्रत्येक दार वाजवत गेली. प्रत्येक दारात तोच प्रश्न. “अगं बाई, तुमच्याकडचं कोण चाललं?” आणि तिचं एकच उत्तर. “कुणी नाही. तीच तर पंचाईत झाली.” दोन उरले ते तिनं आणि क्वाननं दुसऱ्या दिवशी नाश्त्याला खाल्ले. केक चांगला होता. क्वाननं तसं म्हटलं नाही.

परवाना नव्यानं चालू करायचा तर परीक्षकाच्या देखरेखीखाली आठ पत्रकं बिनचूक करावी लागतात. फुंगसाहेबांनी हरकत घेतली नाही, फक्त गर्दीच्या वेळेची विमानं सरावाला द्यायची नाहीत असं सांगितलं. शुक्रवारी सकाळी सातला आ-लाम जिन्याखालच्या टेबलावर येऊन बसली, तिच्या जुन्या खुर्चीत, जिचं एक चाक तेव्हाही अडकायचं आणि आताही अडकत होतं. क्वान तिच्या डाव्या बाजूला बसला. त्याच्या हातात पेन्सिल होती.

पहिल्या दिवशी तिनं एक पत्रक केलं आणि क्वाननं चार वेळा तोंड उघडलं. चौथ्यांदा ती न बघता म्हणाली, “सिफू, तुम्हाला तहान लागलीय का?” त्यानंतर त्यानं थर्मासातला चहा जवळ घेतला आणि बोलावंसं वाटलं की एक घोट घ्यायचा, असा नियम केला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थर्मास संपला.

तिचा हात हळूहळू परत आला. माल बांधलेल्या धातूच्या पाटांची वजनं चिठ्ठीवरून वाचून संगणकात भरणं, जड पाट कुठे, हलका कुठे, कोणता माल कोणाशेजारी चालत नाही, हे तिला आठवायचं नव्हतं. ते बोटांत होतंच. सोमवारपर्यंत चार झाली. मंगळवारचं विमान रद्द झालं, कारण ज्या देशातून ते यायचं होतं तिथे वैमानिकांना अलग ठेवलं होतं. बुधवारी एक. गुरुवारीही रद्द. शुक्रवारी दोन, एका पाठोपाठ एक. सात झाली. आठवं शनिवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी अकराच्या विमानाचं. त्यानंतर तिचं ओळखपत्र बंद होणार होतं.

शुक्रवारी संध्याकाळी चिन-पांगचा फोन आला. त्याला सगळं कळलं होतं. गेलेल्या माणसांना ऑफिसातल्या बातम्या राहिलेल्यांपेक्षा आधी कळतात.

“क्वान-गो, त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो. केकचं नंतर कळलं.”

“असू दे.”

“बरं, ऐका. सात झालीयत ना? उद्याचं विमान पण नाही आलं तर? आठवं लिहून टाका आजच. तुम्हीच परीक्षक, तुमचीच सही. तपासायला बसलंय कोण? जे तपासत होते त्यांना पण काढलं.”

क्वाननं फोन ठेवल्यावर फॉर्म काढून टेबलावर ठेवला. आठवी ओळ कोरी होती. सही करायला किती वेळ लागतो? एकतीस वर्षांत त्यानं हजारो वेळा केली होती, आणि प्रत्येक वेळी कागदावर होतं तेच विमानात होतं. लाय-युंग शेजारी कांद्याची पात निवडत बसली होती. तिनं फॉर्मकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

“विचारलंस तिला?”

“नाही.”

“मग?”

त्यानं फॉर्म घडी न घालता पिशवीत ठेवला.

शनिवारी विमान आलं. पावणेदहाला मालाच्या चिठ्ठ्या आल्या आणि आ-लामनं भरायला सुरुवात केली. आज ती घाईत होती. ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. क्वान एकेक ओळ तिच्याबरोबर वाचत होता. शेपटीकडच्या शेवटच्या पाटाशी तो थबकला. चिठ्ठीवर वजन होतं तीन हजार एकशे ऐंशी किलो. तिनं भरलं एक हजार तीनशे ऐंशी, आणि पुढे गेली.

 शेपटीत अठराशे किलो जास्त, आणि कागदाला त्याचा पत्ता नाही. तिनं ‘पाठव’ दाबलं तरी पत्रक आधी त्याच्या सहीला येणार होतं आणि तिथे त्यानं ते अडवलंच असतं, त्यात प्रश्न नव्हता. विमान तसं सोडायचा विचारसुद्धा त्याच्या मनाला शिवला नाही. पण अडवायचं म्हणजे चूक मोजायची, आणि चूक मोजायची म्हणजे आठवं पत्रक बाद. नववं करायला दिवस उरला नव्हता. नियम असा होता, की ‘पाठव’ दाबायच्या आधी उमेदवाराला स्वतःची चूक स्वतः सापडली तर ती चूक नव्हे. परीक्षकाला सापडली तर चूक.

एक बोट त्या ओळीकडे नुसतं हलवलं असतं तरी पुरे होतं. खुर्ची जरा करकरवली असती तरी. नऊ वर्षांपूर्वी तो असंच करायचा. तिला कळायचं, ती हसायची आणि दुरुस्त करायची. त्यानं पेन्सिल टेबलावर ठेवली आणि तिच्यावर तळहात पालथा ठेवला. थर्मासकडे हात नेला नाही, कारण तोही इशारा झाला असता. त्यानं समोरच्या खिडकीतून कचऱ्याच्या डब्यांकडे बघायला सुरुवात केली.

आ-लामनं शेवटचा आकडा भरला. संगणकानं तोल काढला. रेघ अगदी मधोमध, सुईच्या टोकासारखी.

“झालं,” ती म्हणाली. तिचं बोट ‘पाठव’वर गेलं.

क्वान डबे मोजत होता. सहा हिरवे, दोन निळे.

बोट तिथेच थांबलं. तिनं पडद्याकडे मान तिरकी करून पाहिलं.  मग ती स्वतःशीच पुटपुटली, “इतका सुरेख?” आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुन्हा जवळ ओढून पहिल्या ओळीपासून बोट फिरवायला लागली. शेपटीपर्यंत पोचायला तिला तीन मिनिटं लागली. क्वाननं डबे दहा वेळा मोजले.

“अय्या,” ती म्हणाली. तिनं आकडा पुसला, बरोबर भरला. रेघ मधून सरकली, जराशी मागे, जशी खऱ्या मालाची असते, पण मर्यादेच्या आत. तिनं दोन पाटांची अदलाबदल सुचवली, रेघ थोडी पुढे आली. ‘पाठव’ दाबलं.

मग ती वळली. “तुम्हाला दिसलं होतं.”

 क्वाननं हात उचलला तेव्हा तळहातावर पेन्सिलीचा लाल वळ उमटलेला होता. तिनं तो पाहिला.

त्यानं पत्रकावर सही केली, मग पिशवीतून फॉर्म काढला, आठव्या ओळीत विमानाचा क्रमांक लिहिला, तारीख लिहिली आणि सही केली. नेहमीसारखीच, ना मोठी ना लहान. खाली एक रकाना होता, परीक्षकाचा शेरा. तिथे तो बहुतेकांच्या बाबतीत ‘समाधानकारक’ लिहायचा. आज पेन थोडा वेळ थांबलं. मग त्यानं लिहिलं: स्वतःचं काम स्वतः तपासतात.

“एवढंच?” आ-लाम खांद्यावरून वाचत म्हणाली. “जरा मीठमसाला घालायचात. नवीन साहेब वाचणार आहे.”

“त्याला कळेल. या धंद्यातला असेल तर.”

बारा वाजता तिचं ओळखपत्र बंद होणार होतं. पावणेबाराला तिनं आपल्या पिशवीतून कागदाची एक लहान पुडी काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. तुंग चुंगच्या त्याच दुकानातला स्पंज केक, त्याच कागदातला. एकच.

“मालकीण विचारत होती, बेचाळीसवाल्या दादांना शेवटी काढलं का,” ती म्हणाली. “मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, अरेरे.”

“एकच आणलास?”

“सगळ्यांसाठी आणावेत असं मनात नव्हतं, सिफू. खोटं कशाला बोलू? सोमवारी मुलाखत आहे, जमलं तर जमलं. पण रीत ती रीत. जाणारी मी आहे, राहणारे तुम्ही. आता मुकाट्यानं खा.”

क्वाननं मास्क हनुवटीखाली ओढला. फेब्रुवारीपासून तिनं त्याचा पूर्ण चेहरा पाहिला नव्हता. तो किती उतरलाय हे तिला तेव्हा दिसलं असावं, कारण तिनं लगेच नजर खिडकीकडे वळवली. त्यानं केकचा कागद काळजीपूर्वक सोडवला आणि एक घास घेतला. आठवडाभरापूर्वी घरी खाल्लेला आणि हा, एकाच साच्यातला होता. पण तेव्हा तो स्वतःच आणून स्वतःच खाल्लेला होता. हा कुणीतरी दिला होता, आणि तो गिळायला वेळ लागत होता.

“कोरडा आहे का?” तिनं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “चहा संपलाय.”

तिनं थर्मास उचलला आणि चहा भरून आणायला गेली, बाराला अजून दहा मिनिटं होती तेवढ्यात.